लिंबाखालची प्रार्थना

नव्वदच्या दशकात मी डोंगरकड्याला शाळेवर होतो. तिथल्या आठवडी बाजारात तांड्यावरची एक बाई वांगी विकायला बसायची. बोहणीचे पैसे हातात आले की ती डोळे मिटून येशूचे आभार मानायची. तेवढा वेळ गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं. डोळे उघडल्यावर मात्र ती अशी हसायची, की कुणाला घाई आठवायची नाही.

एकदा कानावर आलं, की तांड्यातल्या बाकीच्या लोकांनी तिच्यासारख्या येशूला मानणाऱ्यांच्या प्रार्थनेच्या खोपीवरचे पत्रे उचकटून नेले, त्यांना हापशावर पाणीही भरू देत नाहीत. मी बिचकतच विचारलं, "लई तकलीफ झाली का, मावशी?"

"झाली की, गुरुजी. रडलो बी." तिनं एक वांगं जास्तीचं टाकलं. "मग लिंबाखाली बसून गाऊ लागलो. खोपीतलं गाणं खोपीतच ऱ्हायचं, आता साऱ्या तांड्याला ऐकू जाऊन राहिलं. ज्यानं पत्रे नेले, त्याचीच बायको आधी येऊन बसली. मागून त्यो बी आला. आता पत्रे वापस देतो म्हणून राहिला."

"मग घेतले?"

"काहून घ्यावं?" ती पदर तोंडाला लावून हसली. "आता खोपीत मावनार न्हाईत की सारी."