मागची चाकं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. दोन-तीनदा ओठांपर्यंत आलं, आणि मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि दिलीपलाही ओळखत नाही. एवढंच कारण.

दिलीप माझा मावसभाऊ. आम्ही दोघेही खानदेशातले, अमळनेरकडचे. आमचे बाप कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले आणि गोडादऱ्यात एकाच गल्लीत राहिले. मला लूमचा आवाज सोसायचा नाही. मी उधना रोडवरच्या नटुकाकांच्या गॅरेजात लागलो. दिलीप माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा. त्याचा हात स्टेअरिंगवर फार छान बसायचा – हे मी आज त्याची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, तेव्हाही सगळे म्हणायचे. आमच्या गॅरेजात एका साडीवाल्या शेठच्या गाड्या यायच्या. त्यांच्याकडे मीच त्याला ड्रायव्हर म्हणून चिकटवला.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरचे दिवस होते. शहर झाडूनपुसून निघालं होतं, रस्ते रुंद होत होते. त्यात शेठच्या मुलानं, राजूशेठनं, परदेशातली एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली. इंजिन पुढे, ताकद सगळी मागच्या चाकांना. ती गॅरेजात शिरली तेव्हा शेजारचा पंक्चरवालाही हातातलं काम टाकून बघायला आला.

नटुकाकांनी मला त्या गाडीवर शिकवलं. तोवर मी गाडी म्हणजे इंजिन समजत होतो. ते म्हणाले, "टायर रस्त्याला टेकतो तो एवढासा –" आणि मला तळहात दाखवला. "इंजिन गमे तेवढं मोठं असू दे, गाडी या चार हातांवर धावते. आणि स्प्रिंग न् शॉकअप कशाला? खड्डा येवो, वळण येवो, हे चार हात जमिनीवरून उठायला नको. समज्यो?"

मी समजलो होतो. हेच तर सांगायचंय – मला सगळं समजलं होतं. वळणात वजन बाहेरच्या बाजूला कसं जातं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ते पुढे कसं येतं आणि मागचं हलकं कसं पडतं. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण वर्षानुवर्षं पडून रबर वाळतं आणि दगडासारखं होतं. अशा गाडीला दोनच नवे टायर मिळाले तर ते मागे लावायचे, मागची पकड सुटली की गाडी फिरते. आणि स्प्रिंग कधी कापायची नाही. हे काकांनी किती वेळा बजावलं असेल!

मग ते मुलीच्या घरी भरूचला गेले. गॅरेज माझ्यावर सोडून.

राजूशेठ आला. गाडी मागून उंच दिसते, खाली बसव, म्हणाला. मुंबईहून दोन नवे टायर आले होते. स्टेअरिंग जरा सुस्त वाटतं, तर ते पुढे लाव, म्हणाला. मी नाही म्हणू शकलो असतो का? असतो. काका येईपर्यंत थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता, तसा तो वाईट मुलगा नव्हता. पण त्यानं मला 'उस्ताद' म्हटलं. चारचौघांत, खांद्यावर हात ठेवून. मला तोवर सगळे 'ए खानदेशी' म्हणायचे.

मी मागच्या स्प्रिंगा ग्राइंडरनं कापल्या. नवे टायर पुढे लावले. वाळलेले मागे.

इथवरच असतं तर मी याला चूक म्हटलं असतं. पण मी गाडी कामरेजच्या बाजूला चालवून बघितली. सरळ रस्त्यावर छान गेली. स्टेअरिंग तर लोण्यासारखं. मग एका मोरीपाशी वळण आलं, वळणातच रस्ता जरा खाली बसलेला. गाडी दबली, मागे ठक्कन आवाज झाला – कापलेल्या स्प्रिंगला आणखी दबायला जागाच नव्हती – आणि मागचा भाग माझ्या हातातून गेला. गेलाच. रस्ता मला बाजूच्या काचेतून दिसला. स्टेअरिंग उलटं फिरवून मी ती कशीबशी आवरली. नशिबानं समोरून काही येत नव्हतं.

गाडी कडेला घेऊन मी बसून राहिलो. का झालं, ते मला इतकं स्पष्ट कळत होतं की काकांना सांगितलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती.

परत आलो. राजूशेठ वाट बघत उभा होता. मी चावी दिली आणि म्हटलं, "एक नंबर झाली, शेठ."

का? टायर परत बदलायला वेळ लागला नसता. स्प्रिंगा मात्र कापलेल्या त्या कापलेल्या, त्या पुन्हा कुठून आणणार होतो? हात चुकला असं कबूल करावं लागलं असतं. त्या एका शब्दासाठी – उस्ताद – मी ती चावी दिली.

त्याच आठवड्यात क्रिकेट खेळताना राजूशेठचं मनगट मुरगळलं. बारडोलीला मित्राकडे जायचं होतं, म्हणून त्यानं दिलीपला चालवायला बसवलं. दिलीप निघताना गॅरेजवर हवा भरायला थांबला होता. खुशीत होता. काच खाली करून मला म्हणाला, "दादा, देख, आज मी चालाडस." मी हवा तपासली. चारही चाकांची, नीट, वाकून. तेव्हाही बोललो नाही.

बारडोलीच्या अलीकडे, उसाच्या शेतांमधल्या एका वळणावर गाडी मागून फिरली. समोरून एक माणूस सायकल हातात धरून चालत येत होता, कॅरियरवर गुरांसाठी चारा बांधलेला. रमणभाई त्याचं नाव. तो जागीच गेला. राजूशेठला आणि दिलीपला खरचटलंसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल.

पोलिसांनी मला बोलावलं. गाडीत काही खराबी होती का? मी म्हटलं, नाही साहेब, मी स्वतः चालवून बघितली होती. ब्रेक बघितले गेले, ते चांगले होते. बाकी कुणी काही बघितलं नाही. नटुकाका भरूचहून आले, मोडक्या गाडीखाली वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग हात पुसत उठले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. ते का गप्प राहिले, हा त्यांचा प्रश्न. मी का गप्प राहिलो, ते मी सांगितलं.

खटला चालला. दिलीपला शिक्षा झाली. त्याआधी, कोर्टाच्या तारखांच्या मधल्या काळात तो एकदा माझ्या घरी आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "दादा, तुले गाडी समजस. खरं सांग माले. मनी चूक व्हती का?"

आता मी जे केलं ते ऐका. मी त्याला समजावून सांगितलं. पाटावर चहाची बशी फिरवून दाखवलं – वळणात तू घाबरून पाय उचललास, वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली, म्हणून फिरली. प्रत्येक शब्द खरा होता. काकांनी शिकवलेलं सगळं मी वापरलं. फक्त स्प्रिंग आणि टायर तेवढे सांगितले नाहीत. तो लक्ष देऊन ऐकत होता, मध्ये मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "हा. पाय उचलना व्हता मी." आणि उठून गेला.

सुटून आल्यावर तो लूमवर लागला. पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. रिक्षातसुद्धा पुढे बसायचा नाही. मावशी चारचौघांत म्हणायची, माझ्या पोराच्या पायानं एक घर बुडालं. मी तिथंच बसलेला असायचो. मला काय वाटायचं, असं विचाराल तर – काही नाही. खरंच काही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं.

दरवर्षी दिवाळी झाली की दिलीप रमणभाईच्या घरी जायचा, त्याच्या बायकोला साडी द्यायला. पहिल्या वर्षी तिनं दार लावून घेतलं होतं म्हणे. नंतर बसू द्यायला लागली. एकदा त्यानं मलाही सोबत नेलं. मी का गेलो, माहीत नाही. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

रमणभाईची बायको, शांताबेन, ओट्यावर तूर निवडत होती. दिलीपला बघून म्हणाली, "भाई, हवे भूली जाओ, विसरा आता. दर वर्षी कशाला एवढं लांब येता?"

दिलीप माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बेन, हा माझा मोठा भाऊ. गाड्यांचा कारागीर आहे. माझी भूल काय झाली, ते यानंच मला समजावलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आत गेली आणि दोन पेले पाणी घेऊन आली, एक त्याला, एक मला.

मी ते प्यायलो.