पैनगंगा पलटणीचे दफेदार

दफेदारांनी तीन वर्षांत माझ्यासमोर एकही गोळी झाडली नाही. आमच्या पलटणीत ते सगळ्यांत वरचे, पण मोहिमेत त्यांचा सैनिक कायम ट्रक चालवायचा. आम्ही पंधरा-वीसजण हेल्मेट घालून, बंदुका घेऊन मागे बसायचो आणि हेडफोनमध्ये त्यांचा सावकाश आवाज यायचा, "सारे बसले का? कोनाचं काई राह्यलं का?" कुणाचा चहा गॅसवर असायचा, कुणाच्या घरी पाहुणा आलेला असायचा. दफेदार ट्रक उभा ठेवायचे. म्हणायचे, "दुश्मन थांबते. तो कॉम्प्युटरचा हाये, त्याले कोठी जायचं हाये."

हा खेळ काय असतो ते आधी सांगते, कारण आमच्या घरी अजूनही सगळ्यांना वाटतं की रविवारी दुपारी मी ऑफिसचं काम करायचे. कॉम्प्युटरवर लष्करी मोहीम खेळायची, पण पळापळीचा आणि धडाधड गोळीबाराचा हा खेळ नाही. दोन-दोन तास नुसतं चालायचं, नकाशा बघायचा, वायरलेसवर हळू बोलायचं. एक गोळी लागली की माणूस पडतो, आणि पलटणीतला डॉक्टर पट्टी घेऊन पोचला नाही तर त्याचा खेळ तिथंच संपतो. एकट्याने काहीच जिंकता येत नाही. दफेदारांनी गटाच्या पानावर एकच नियम लिहिला होता: 'इथं कुणाला घाई नाही.'

दफेदार हा घोडदळातलाही हुद्दा, त्यामुळे त्यांचं नाव ऐकून बाहेरचे लोक हमखास फसायचे. पुण्याकडचे एक खरेखुरे निवृत्त हवालदार नव्याने गटात आले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, आपली रेजिमेंट कोणती?" दफेदार म्हणाले, "महसूल." हवालदारांना कळेना. मग आम्हीच सांगितलं, की तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादकडे मोठ्या साहेबाच्या दाराशी पांढरा पोशाख आणि लाल पट्टा घालून जो शिपाई उभा असतो, त्याला निजामाच्या काळापासून दफेदार म्हणतात. हवालदार म्हणाले, "पण हुकूम तर पक्के देता." दफेदार म्हणाले, "तीस वर्षं हुकूम ऐकून राह्यलो ना. चांगला कोनता अन् वाईट कोनता, ऐकनाऱ्याले समजते."

खेळात ते आले तेही गंमतच. मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. आत उंदीर घर करतील म्हणून दफेदार रोज तासभर तो चालू ठेवायचे. एकदा चालू केलाच आहे तर बघू म्हणून बसले. रविवारी सकाळी विहारात वंदना, जेवण, थोडी झोप आणि तीन वाजता पलटण, असा त्यांचा दिवस ठरून गेला.

वायरलेसवर सगळ्या जगात 'कॉपी' म्हणतात, म्हणजे ऐकलं, समजलं. दफेदारांना ते पसंत नव्हतं. त्यांच्या ऑफिसात शेतकरी सातबारासारखी पहाणीची नकल मागायला येतात. म्हणून आमच्या पलटणीत 'कॉपी' नव्हतं, 'नकल' होती. हुकूम देणाऱ्याने शेवटी "नकल दे" म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने तो हुकूम आपल्या भाषेत पुन्हा बोलून दाखवायचा. मराठीत, तेलुगूत, हिंदीत, कशातही. "अर्ज देल्लानं काम व्हत नाई," ते म्हणायचे, "नकल हाती आली म्हंजे झालं." शब्द तेलुगूतही तोच, त्यामुळे कुणाला शिकवावा लागला नाही.

गैरहजेरीचं कारण त्यांनी कधी विचारलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जैनथ आणि तामसीची अर्धी पलटण रानात असायची. कुणी लाजत लाजत मोठी कारणं लिहून पाठवली तर दफेदार उत्तर द्यायचे, "कारन सांगू नका. याल तवा या." आणि मोहीम संपली की पंचनामा व्हायचा. त्याचा कायदा कडक होता. फक्त स्वतःबद्दल बोलायचं. मी काय पाहिलं, मी काय केलं, माझं काय चुकलं. दुसऱ्याचं नाव काढलं की दफेदार मध्येच म्हणायचे, "त्याचा जबाब तो देईन."

मी पैनगंगेच्या काठच्या गावची, जैनथ भागातली. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.एस्सी. झाले, आदिलाबादला नोकरीला लागले, स्वतःच्या पगारातून लॅपटॉप घेतला. त्यावर हा खेळ जेमतेम चालायचा, झाडं हिरव्या ठोकळ्यांसारखी दिसायची, पण चालायचा. कुठेही गेले की नावाआधी पदवी सांगायची खोड मला तेव्हा होती. खोटं कशाला बोलू, अभिमान आजही आहे. दफेदारांनी मला चौथ्याच महिन्यात पहिल्या तुकडीचं प्रमुख केलं. बाईमाणूस हुकूम देणार म्हणून दोघंतिघं हसले, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "हसून झालं का? बसा गाडीत."

आमच्या तुकडीचा डॉक्टर होता मल्लेश. इच्चोड्याला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान, घरची भाषा तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचा. पट्टी बांधताना हळूच विचारायचा, "मॅडम, दुखा क्या?" खेळातल्या गोळीने काय दुखणार, पण बरं वाटायचं.

त्या रविवारी आम्ही दोन तास चालून एका गावात शिरलो होतो. रस्त्याच्या पलीकडे मी, अलीकडे भिंतीआड मल्लेश. मधल्या रस्त्यावर मशीनगनचा मारा चाललेला आणि आमचे दोघं पडलेले. मल्लेशने तिथंच थांबावं म्हणून मी ओरडले. नकल घेतली नाही. मल्लेश सरळ उठून रस्त्यावर आला आणि पडला. डॉक्टर गेला, मग चार मिनिटांत सगळी तुकडी गेली.

पंचनाम्यात माझी पाळी आली. मी कायदा मोडला. सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाले, "थांब म्हटलेलं कळत नाही. अशा अनपढ लोकांना घेताच कशाला? शाळेत गेला असता तर समजलं असतं."

मल्लेश म्हणाला, "सॉरी मॅडम," आणि त्याचं नाव स्क्रीनवरच्या यादीतून गेलं. दफेदार म्हणाले, "आजचा पंचनामा अर्धा राह्यला."

पुढच्या रविवारी मल्लेश नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. दफेदारांनी डॉक्टरची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, मला काढलंही नाही. आम्ही डॉक्टरशिवाय निघायचो. ज्याला गोळी लागली तो पडून राहायचा, आणि त्याच्याजवळून पुढे जाताना प्रत्येकाला कळायचं की ही जागा कोणामुळे रिकामी आहे. तीन रविवार असे गेले. मी दर रविवारी मनात म्हणायचे की हुकूम त्याने मोडला, मी का वाकू. पण 'अनपढ' हा शब्द मला सोडत नव्हता. मी लहान असताना एका ऑफिसात बाबा अंगठा लावत होते, तेव्हा टेबलामागचा माणूस दुसऱ्याला तोच शब्द म्हणाला होता. माझा हात बाबांच्या दुसऱ्या हातात होता. तो हात घट्ट झालेला मला आठवत होता.

चौथ्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत दफेदारांच्या ऑफिसात गेले. तोवर त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबाच्या दारापाशी स्टुलावर एक बारीक अंगाचे, चष्म्याचे गृहस्थ बसले होते, छातीवर लाल पट्टा. मी "दफेदार काका?" म्हटलं, तर आवाजावरून ओळखून म्हणाले, "या बाई, जेवल्या का?" त्यांनी कॅन्टीनमधून चहा मागवला.

मी म्हटलं, "काका, मल्लेशला तुम्ही फोन करा ना. तुमचं ऐकेल तो."

"शब्द तुमचा," ते म्हणाले, "मंग फोन माहा कसा?"

मग ते बशीकडे बघत म्हणाले, "मी सातवी हाये, बाई. तुमी त्या दिवशी बोल्ल्या तवा मले वाटलं, मलेच बोल्ल्या."

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते चहा गार होतोय म्हणावं तसं म्हणाले. मी कप खाली ठेवला आणि मल्लेशच्या दुकानाचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निर्मल गावाला जाणाऱ्या बसने इच्चोड्याला उतरले. दुकानात पाण्याच्या मोटरी उघड्या पडलेल्या, मल्लेश मांडीत मोटर घेऊन तांब्याची तार गुंडाळत होता. त्याने स्टूल पुढे केलं, पण हात थांबवला नाही.

मी हिंदीत म्हणाले, "मल्लेश, तू हुकूम ऐकला नाहीस ते राहू दे. मी जे बोलले ते घाण होतं. माझे वडील सही करत नाहीत, अंगठा लावतात. मला तो शब्द बोलायचा हक्कच नव्हता. माफ कर."

तो वेढे मोजत होता. मोजणी संपवून मान वर केली.

"मॅडम, हुकूम तो हम सुने. आप बोले, रा, रा. तो हम आए."

मला अजून वाटत होतं की मी 'रुको' म्हणाले होते. शपथेवर सांगितलं असतं. पण त्याने 'रा' म्हटलं आणि माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला. घाबरल्यावर माझी हिंदीही गेली होती, कॉलेजची मराठीही गेली होती; तोंडातून गावची बोली निघाली होती. राहा, तिथंच थांब, याला आम्ही घाईत म्हणतो 'रा'. आणि तेलुगूत 'रा' म्हणजे ये. हे मला शाळेपासून माहीत होतं. मी बोलावलं म्हणून तो गोळीबारात उठून आला होता, आणि त्याबद्दल मी त्याला अडाणी म्हटलं होतं.

"तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"आप बहोत पढ़े हुए हैं," तो म्हणाला, आणि नंतर किंचित हसला. "हमको लगा, पढ़े लिखे लोगां में रा का मतलब कुछ और होता होगा."

हा टोमणा मला पुरता लागला आणि मी तो घेतला. येशील का म्हणून विचारलं तर म्हणाला, "देखेंगे."

रविवारी तीनला त्याचं नाव यादीत दिसलं. दफेदारांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मल्लेश, पट्ट्या किती हायेत?" आणि ट्रक चालू केला. त्या दिवशी मोहिमेनंतर जुना अर्धा पंचनामा पुरा झाला. मी म्हणाले, मी 'रा' म्हटलं, मी नकल घेतली नाही, मी नको ते बोलले. मल्लेश म्हणाला, मैं आया. दफेदार म्हणाले, "बंद करा कागद."

नंतर एकदा मी त्यांना फोनवर विचारलं, "काका, तुम्हाला तेलुगू येतं. तुम्ही तर सगळं ऐकत होतात. 'रा'चा घोटाळा तुम्हाला तेव्हाच कळला असणार."

"कळला व्हता."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी 'रा'ची माफी मांगतली असती," ते म्हणाले. "ते तं कोनीबी मांगते. त्याची चूक हाये असं वाटत असतानी तुमी गेल्या पायजे, असं माहं मन व्हतं. नसत्या गेल्या तं सांगनारच व्हतो म्हना, पाचव्या रविवारी."

आज मी एका शेतमालाच्या गोदामात सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालची माणसं तीन भाषा बोलतात, आणि त्यांतली बरीच शाळेची पायरी न चढलेली आहेत. कुणाचं काही चुकलं की मी आधी विचारते, मी काय बोलले होते ते सांग. अर्धी भांडणं तिथंच मिटतात. माझ्या पदवीने मला ही नोकरी दिली, हे खरं. ती करायची कशी, ते मला सातवी पास माणसाने शिकवलं.

गेल्या वर्षी दफेदार निवृत्त झाले आणि मुलाकडे हैदराबादला राहायला निघाले. नातू लहान, कॉम्प्युटरवर बसायला सवड मिळणार नव्हती. शेवटच्या रविवारी मोहीम ठेवलीच नाही. दफेदार ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलेले आणि आम्ही सगळे भोवती नुसते उभे होतो, खेळातल्या एका टेकडीवर. पलटण पुढे कुणी चालवायची, हा प्रश्न होता. मला वाटलं हवालदारांचं नाव घेतील. मनातून मला माझंही नाव हवं होतं, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

दफेदार म्हणाले, "मल्लेश, सगळ्यांच्या मागं पट्ट्या घेऊन तू पळतं. कोनाच्या मागं जाशीन, सांग."

मल्लेशच्या दुकानातला पंखा हेडफोनमध्ये ऐकू येत होता.

"मॅडम के पीछे," तो म्हणाला. "गलती तो मॅडम फिर करेंगे. मगर करेंगे तो दुकान तक आएंगे."

"बरं," दफेदार म्हणाले, आणि ट्रकमधून खाली उतरले.