सुखरामच्या घरी अजून कळलेलं नाही

लिहायला फार उशीर झाला, माफ करा.

चुलता म्हणून सही करून ज्याचं प्रेत मी ताब्यात घेतलं, त्याचा मी कुणीच नव्हतो.

सुखराम माझा भाडेकरू. झारखंडचा. पुण्याजवळ उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला होता. गेल्या महिन्यात सायकलवरून ड्यूटीला जाताना कंटेनरने उडवला. जागीच गेला. खिशातल्या फोनचाही चुरा झाला.

आज महिना झाला. त्याच्या घरी अजून कुणालाच माहीत नाही.

यात माझी चूक आहे. ती आधी सांगतो.

खोली देताना पोलिसांचा भाडेकरूचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नातेवाइकाचा रकाना होता. मी सातवी शिकलेला. रकाना मोकळा राहिला तर चौकीवर बोलावतील, या भीतीने मी विचारलं, "तुझं हितं कोण हाय?"

"आप ही हो, काका."

मी माझं नाव लिहिलं. पुढे नातं लिहिलं, चुलता.

आमच्याकडे पूर्वी असंच चालायचं. नवा माणूस दिसला की पोलीस पाटील विचारायचा, "कुणाकडचा?" माझं नाव घेऊन "नानांकडचा" म्हटलं की झालं. गाव त्याला ओळखायला लागायचं.

पुढे बँकेच्या कामासाठी आधार कार्डावरचा पत्ताही त्याने माझ्याच खोलीचा करून घेतला.

अपघातानंतर हवालदारांनी तो फॉर्म काढला. "तुमीच चुलते ना? सही करा, बॉडी घेऊन जा."

"सायेब, सख्खा न्हाई मी."

"लांबचा का असंना. सही करा."

केली. तो बेवारस म्हणून पडून राहिला असता, ते मला बघवलं नसतं.

पण कागदावर नातेवाईक सापडला आणि शोध तिथेच थांबला.

आम्ही त्याला गावच्या स्मशानात जाळला. त्यांच्यात जाळतात की पुरतात, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

सुरुवातीला मीच त्याला घाबरायचो. बाहेरचे आले की चोऱ्या वाढतात, असं सगळे म्हणायचे. रोज सकाळी मी अंगणातले हंडे, कुदळी मोजायचो. त्याच्या लक्षात आलं. ब्रश करता करता विचारायचा, "काका, आज क्या गया?"

"अजून काय न्हाई."

"कल देखते हैं."

नंतर आमच्यासारखं बोलायला लागला. मी कशाची काळजी करत बसलो की म्हणायचा, "लई इचार करताय काका, बीपी वाढंल."

जमीन कारखान्यांत गेली, एक भातखाचर उरलंय. आवणीला, भाताची रोपं लावायला, माणूस मिळेना. सुट्टीच्या दिवशी हा न बोलावता चिखलात उतरला. आमच्या बायकांपेक्षा सरळ ओळी लावल्या.

"एवढं येतंय, मग गाव कशाला सोडलंस?"

"धान से पेट भरता है काका. बाकी कुछ नहीं."

तो गेल्यावर कारखान्याच्या गेटवर गेलो. सुपरवायझर चांगला बोलला, खुर्ची दिली. "नाना, तो आमच्या रोलवर नव्हता. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस."

कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. सुखरामचं सिमसुद्धा त्याच्याच नावावर. सोबतची माणसं दोन दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या साइटवर हलवली.

तिथला माल जर्मनीला जातो. सुखरामच सांगायचा, खोकं समुद्रात कुठं आहे ते इथं स्क्रीनवर दिसतं. मी सुपरवायझरला विचारलं, "मग ह्याचं गाव कुटं, ते दिसंल का?"

त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

त्याच्या घरचा शोध घ्यायचा ठराव करा, असं सांगायला ग्रामसभेत उठलो. सरपंच म्हणाले, "नाना, त्याचं नाव मतदार यादीत न्हाई, घरपट्टीला न्हाई. ठराव कुणाच्या नावानं लिवू?"

मागून कुणीतरी बोललं, "पुतण्या नानांचा, आन् ठराव गावाचा व्हय?"

लोक हसले. मीही हसलो.

आता आमच्या गावात निम्मे लोक भाडेकरू आहेत. ग्रामसभेत त्यांच्यातलं एकही माणूस नव्हतं.

पोलिसांना खरं सांगायला दोनदा चौकीच्या दारापर्यंत गेलो. खोटं नातं लिहिलं म्हणून मलाच आत घेतील, या भीतीने परत आलो. महिना असा घालवला. काल शेवटी आत गेलो.

हवालदारांनी तोच फॉर्म परत काढला. मग म्हणाले, "गावाचं नाव आना नाना. मग बघू."

तेच तर मला माहीत नाही.

रविवारी त्याच्या फोनवर त्याची मुलगी यायची. फुलमनी. मला "पूनावाले दादू" म्हणायची. खाचरात खेकडे निघाले का, विचारायची.

चार रविवार झाले. फोन बंद लागतोय म्हणून ती काय समजली असेल? बाप मेला, हे तिच्या मनात येणार नाही. बाप आपल्याला टाकून गेला, हेच येईल.

तसा तो नव्हता. हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे.

मला आठवतं ते लिहितो. जिल्हा गुमला म्हणायचा की सिमडेगा, नक्की नाही. बाजार मंगळवारी भरतो. जीपमधून उतरून एक नदी चालत ओलांडायची. आईला माई म्हणायचा. वय पस्तिशीचं. डाव्या भुवईवर जुनी खोक.

अस्थी फडक्यात बांधून अंगणातल्या फणसाला टांगून ठेवल्यात. नदीत सोडल्या नाहीत, दहावं केलं नाही. तो हक्क माझा नाही.

सुखराम, माझ्या हातून तुला नीट निरोपही देता आला नाही. हात जोडतो, बाबा.

तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीत, सोसायटीत, साइटवर झारखंडची माणसं असतील, तर त्यांना हे वाचून दाखवा. हिंदीत सांगा. अर्धवट काही कळलं तरी इथे खाली लिहा.

पण लवकर कळवा. परवा परत रविवार आहे.