तेराव्याचं जेवण कुणीच जेवलं नव्हतं

माझ्या कादंबऱ्यांतले खून एक कासारीण शोधून काढते. जुन्या काळी परक्या घराच्या माजघरापर्यंत बिनदिक्कत जाणारी आणि घरातल्या प्रत्येक बाईचा हात हातात घेऊन बसणारी दुसरी होती तरी कोण? बांगडी चढवताना मनगटावरचा वळ दिसतो, कुणाला कंप सुटलाय ते कळतं. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की पंधरा दिवस अख्ख्या कोल्हापुरात भेटेल त्याला सांगत सुटले होते. कोथिंबीर देणाऱ्या बाईलासुद्धा सोडलं नाही.

तिसऱ्या कादंबरीचा माल मात्र घरातच सापडला. आमच्या देवघरात चांदीचा एक छोटा टाक आहे, पत्र्यावर ठोकून उठवलेली एक बाई. माझ्या आजेसासऱ्यांच्या पहिल्या बायकोचा. पहिली वारली की तिचा टाक करायचा आणि दुसरीनं तो गळ्यात बांधायचा, म्हणजे मेलेली सवत त्रास देत नाही, अशी रीत. आजेसासूबाईंनी तो जन्मभर बांधला. त्या गेल्यावर तो देवघरात आला, आणि माझ्या सासूबाई दर अमावास्येला त्याला नैवेद्य दाखवू लागल्या. 'पहिली आडात पडून गेली,' एवढंच घरात सांगत.

आमचं मूळ गाव राधानगरीकडचं. तिथल्या माणसांना लग्नं एक वेळ आठवणार नाहीत, पण तेरावी आठवतात. कुणाच्या तेराव्याला आमटी पाणचट होती, कुठं बुंदी कमी पडली, हे आजोबांकडून नातवाकडे आलेलं असतं. मी गावभर विचारलं. या बाईचं तेरावं जेवल्याचं कुणाच्या बापाला, आज्याला, कुणालाच ठाऊक नव्हतं. टाक आहे आणि तेरावं नाही! म्हणजे मरण घाईनं लपवलं. म्हणजे खून. झालं, नवऱ्यानं तिला आडात ढकललं असं मी लिहिलं, आणि शेवटच्या प्रकरणात माझ्या कासारणीनं भर अंगणात विचारलं, "हिचं तेरावं कोण जेवलंय, हात वर करा!"

पुस्तक चाललं. एका समारंभात मी माइक हातात घेऊन फुशारक्या मारल्या, "ही गोष्ट माझ्या सासरचीच आहे बरं का!" टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रात छापून आलं. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. ते आठ दिवस फार सुखाचे गेले.

मग एका दुपारी दार वाजलं. साठीची एक काटक बाई, काखेत पिशवी, पिशवीत माझं पुस्तक.

"पुस्तक लिवणारी तूच की?"

मला वाटलं, सही हवी असेल. मी पेन उघडलं.

"झाक ते. चंदगडासनं आलो मी, पहिल्या यष्टीनं. माझ्या अव्वेला आडात ढकललंस तू."

अव्वा म्हणजे तिची आज्जी, आईची आई. माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. "अहो ताई, ती कादंबरी आहे."

"व्हय? आणि पेपरात 'माझ्या सासरची गोष्ट' म्हणून दात काढलेस ते? तुमच्या घरातली पहिली सून म्हंजे माझी अव्वा. मेली न्हाय ती. चालत गेली."

उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. आजेसासरे एकदा बाजारातून आले आणि खिशातून चांदीचा टाक काढून त्यांनी फडताळात ठेवला. अव्वेनं पाहिला. घरात मेलेलं कुणी नव्हतं, मग टाक कुणाचा? त्यांनी दुसरं लग्न ठरवलं होतं, आणि त्या मुलीच्या बापानं अट घातली होती, जिवंत सवतीवर पोरगी देणार नाही. म्हणून पहिली मेली असं सांगून टाकलं होतं.

"अव्वा म्हणायची, आज मेली म्हणून सांगितलंय, उद्या खरं करतील. पाण्याला म्हणून निघाली, घागर आडाच्या काठाला ठिवली आणि चालाय लागली. आडात मढं गावलंच न्हाय. मेलंच न्हाय कोण, तर तेरावं कुणाचं घालणार?"

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, दुःखानं नव्हे, आनंदानं. माझ्या पुस्तकापेक्षा हे दसपट चांगलं होतं!

"तोंड कशाला उजळलं तुझं?" ती कडाडली. "हे बी लिवणार? फडताळातला टाक तुझ्या कादंबरीत दिसला तर बघ. दुसरी आवृत्ती निघतीया म्हणं. तीत अव्वा जिती पायजे, एवढंच."

एवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पावणं, जमिनीला आलाय जणू?"

"तुमची जमीन तुमास्नी लखलाभ. अव्वेनं तिकडं दुसरं घर केलं, चार पोरं वाढवली. तुमचं ढेकूळ नगं आमाला."

"मग इतकी वरसं मी निवद कुणाला दावला?"

"तिलाच की! तरीच अवसंला जेवाय बसायची न्हाय. पोट भरलंय म्हणायची."

सासूबाई लालबुंद झाल्या. आणि मग काय चमत्कार! ज्या पुस्तकापायी माझ्याशी अबोला, त्याचीच बाजू त्यांनी घेतली. "माझी सासू जन्मभर जित्या सवतीचा टाक बांधून हिंडली व्हय? गाव हसंल. पुस्तकात मेलीया ती बरी मेलीया. एक अक्षर हलवायचं न्हाय, सूनबाई!"

"बरोबर आहे, आत्ती," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "अहो ताई, रहस्यकथा आहे ती. प्रेत काढलं तर उरतं काय?"

"ते तू बघ. मी काय लिवणारी हाय?" ती आता खाली बसली, न विचारता. "आई माझी पंच्याऐंशीची. डोळ्यानं दिसत न्हाय. शेजारच्या मास्तरणीनं हौसेनं तुझं पुस्तक वाचून दावलं. टाक आला तवाच आईनं वळखलं. मग तुझं ते आडातलं पान. अव्वा आईच्याच मांडीवर गेली, म्हातारी होऊन. तरी तवापासनं रोज सकाळी मला इच्यारती, 'आईच्या नाकातोंडात पाणी किती येळ जात हुतं गं?'"

त्या पानावर मी सहा दिवस घालवले होते. सगळ्या पुस्तकात तेच पान उत्तम उतरलं होतं, असं सगळे म्हणत. मला त्या बाईचा भयंकर राग आला. चहा विचारला, तो तिनं नाकारला, त्याचाही आला. "विचार करते," मी म्हटलं.

"इच्यार नगं. कर," म्हणून ती गेली.

चार दिवस मी घरात भांडी आपटली. मग प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "रहस्य कादंबरीत खूनच नाही? बाई, बरं वाटतंय ना?" त्यांच्याशी भांडले. सासूबाईंशी भांडले. आणि शेवटचं प्रकरण दात-ओठ खात नव्यानं लिहिलं. आता माझी कासारीण आडात डोकावते आणि तिला तिथं नुसतं पाणी दिसतं. मग बाजारामागून बाजार पालथे घालत, हजार हात दाबून बघत, एका बैठकीत तिला त्या पहिल्या सुनेचाच हात सापडतो. ती मुकाट बांगड्या भरते आणि परत येऊन सांगते, "न्हाय गावली." नाकातोंडातल्या पाण्याचं पान मी स्वतःच्या हातानं फाडलं. फडताळातल्या टाकाला शिवले नाही. कादंबरीत लिहायचं नाही, असं ती म्हणाली होती. आठवणींबद्दल बोलली नव्हती.

शेवट पडला, असं चार वाचकांनी कळवलं. सासूबाईंचा अबोला पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी त्यातही मजा नव्हती. नवी प्रत मी चंदगडला पाठवली. महिनाभर काही नाही. मग फोन आला.

"आईला वाचून दावलं. दोनदा वाचाय लावलं."

"मग?"

"म्हणली, माझी आई असल्या हिरव्या बांगड्या कवा घालत न्हवती. काय बी लिवलंय."

मी दात आवळले. तरी विचारलंच, "आणि सकाळी? अजून विचारतात का, ते पाण्याचं?"

"न्हाय." मला वाटलं, आता आभार मानेल.

"फुडच्या येळी कुणाला मारायचं असंल," ती म्हणाली, "तर आधी त्येच्या घरच्यास्नी इच्यार." आणि फोन ठेवला.