मिसेस पॅरींची दोन अक्षरं

जिवंत बाईसाठी कबरीच्या दगडावर अक्षर कोरायला तुमचा हात धजेल का?

मिसेस पॅरी आमच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून, नेमकं तेच मागत होत्या. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की समोरचा डोंगर कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखा वाटत होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उत्तर वेल्समधल्या एका गावात मी लेटर-कटरकडे, म्हणजे दगडावर अक्षरं कोरणाऱ्याकडे, कामाला होते. मी अक्षरं आधी कागदावर आखायची, मग पांढऱ्या पेन्सिलीने स्लेटवर उतरवायची. माझे बॉस गेथिन छिन्नी चालवायचे. स्लेट म्हणजे आपल्या पाटीचाच दगड. ओला झाला की वांग्यासारखा जांभळा दिसतो आणि त्यात आभाळ हलतं.

मिसेस पॅरींचे यजमान ह्यू शाळेत लॅटिन शिकवायचे. ते नुकतेच गेले होते. दगडावर त्यांचं नाव आणि लॅटिनची एक ओळ मी आखली होती. खाली बायकोसाठी जागा मोकळी सोडली होती. आमच्याकडची ही नेहमीची पद्धत. मिसेस पॅरींना त्या मोकळ्या जागेच्या सुरुवातीला फक्त दोन अक्षरं हवी होती, ए आणि सी. पुढे काही नाही.

ए-सी मिळून होणारा हा शब्द लॅटिनमध्ये आहे आणि वेल्शमध्येही. दोन्हीकडे अर्थ एकच, 'आणि'. सख्खे की नुसते सारख्या चेहऱ्याचे, ते पंडितांनी ठरवावं. स्वभाव मात्र उलटे. वेल्शमध्ये हे रूप स्वराच्या आधी येतं; व्यंजन आलं की सी गळतो आणि नुसता ए उरतो. लॅटिनमध्ये ते बहुधा व्यंजनाच्या आधी येतं. स्वर आला की त्याचं लांब रूप वापरतात. शिवाय लॅटिनमध्ये तुलना करताना तोच शब्द 'सारखा' या अर्थानेही येतो. मिसेस पॅरींचं नाव एलिन. म्हणजे 'ह्यू आणि एलिन' हे वेल्शमध्ये या शब्दाने बिनचूक जोडलं जातं, पण ह्यूंचं लॅटिन तिथे कुरकुरतं. यावरून नवराबायको जन्मभर लटकं भांडले होते.

गेथिननी विचारलं, की मग दगडावर हा शब्द कुठल्या भाषेतला समजायचा?

"ज्याला जी येते ती," त्या म्हणाल्या. "पुढे काहीच नसलं की दोन्ही व्याकरणं गप्प बसतात."

मग खरी गोष्ट निघाली. वसंतात त्यांचा मुलगा त्यांना कॅनडाला नेणार होता. घर विकलं होतं.

"मी तिकडेच मरेन. माझं नाव या दगडावर येईल असं वाटत नाही. पण ह्यू इथे एकटाच होता, असं कुणी वाचू नये."

गेथिन मान हलवत होते. जिवंत माणसासाठी आम्ही छिन्नी लावत नाही, म्हणाले. वडिलांनी लावली नाही, आजोबांनी लावली नाही. जागा सोडायची आणि वाट बघायची. अर्धवट कोरलेलं वाक्य माणसाला लवकर बोलावून घेतं.

माझं डोकं फिरलं. माझे बाबा तिकडच्याच एका शहरात हॉस्पिटलात डॉक्टर. लहानपणी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुण्याहून पोस्टाने आलेली पत्रकं असायची, अंधश्रद्धेवर, जातीवर, बायकांच्या हक्कांवर. मराठी वाचायला मी त्यांवरच शिकले. तेव्हा गेथिनना मी तिथल्या तिथे भाषण दिलं. भीती विकून समाज कसा गप्प ठेवतात, वगैरे.

"तुझ्या त्या पत्रकांत स्लेटवर एखादं पान आहे का?" गेथिन म्हणाले. "नसेल तर पेन्सिलीला टोक कर."

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते हसले. "अगं, आपल्यात दगडच नाही. राख, पाणी, झालं." मग म्हणाले, "लग्नपत्रिकेत मात्र 'आणि' आम्हीही छापतो हं."

पुढच्या आठवड्यात मिसेस पॅरी परत आल्या. मी नवं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि गेथिनकडे वळल्या.

"जिवंत माणसासाठी तू कोरत नाहीस. बरं. जिवंत माणसाने स्वतःच कोरलं तर?"

गेथिननी हातातली छिन्नी फडक्याने पुसली.

"त्याबद्दल वडील काही बोलले नव्हते," ते म्हणाले.

मग कित्येक दुपारी मिसेस पॅरी स्लेटच्या उरलेल्या तुकड्यांवर हात बसवत होत्या. छिन्नी तिरपी धरायची, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे मधे खोल दरी तयार होते. ऊन पडलं की त्या दरीतली सावलीच अक्षर वाचून दाखवते. स्लेटला खोडरबर नसतो. गेलेला टवका गेला.

शेवटी मी ह्यूंच्या दगडावर दोन मोठी, साधी अक्षरं आखली. दगड लाकडी घोडीवर उभा होता. त्या समोर बसल्या आणि हातोडीचा बारीक ठोका सुरू झाला, दूर कुठे सुतारपक्षी चोच मारत असल्यासारखा. राखाडी धूळ हळूहळू त्यांच्या मनगटावर, पापण्यांवर बसत गेली. बाईंचा रंग दगडात मिसळत होता, की दगडाचा बाईंत, मला सांगता येईना. सीच्या वळणावर टवका उडाला.

"ह्यूने मार्क कापले असते," त्या म्हणाल्या आणि पुढे कोरत राहिल्या.

त्या घरी गेल्यावर मी म्हटलं, तेवढी कड साफ करून घ्या ना. गेथिननी दगडावर गोणपाट टाकलं. "ते अक्षर माझं नाही," म्हणाले.

गावातल्या चर्चच्या आवारात ह्यूंच्या कबरीवर दगड उभा राहिला. मिसेस पॅरी वसंतात कॅनडाला गेल्या. पुढे मी त्या चर्चच्या आवारात गेले की बघायची, वाचणारा त्या दोन अक्षरांपाशी थांबतो, आणि पुढच्या कोऱ्या स्लेटकडे बघत राहतो. तिथे कोणीतरी आहे, हे त्याला कळतं.

मी शिकले ते एवढंच: रूढीशी जरूर भांडा, पण ती नक्की काय मना करते ते आधी पूर्ण ऐकून घ्या. पुष्कळदा तिने तेवढा विचारच केलेला नसतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गावच्या देवळात, शाळेत, पाणपोईवर देणगीच्या पाट्या असतील. पुरुषाचं सबंध नाव, मग 'व कुटुंबीय'. त्यातली एक निवडा. त्या 'व'च्या पुढे कोण बाई होती, ते विचारा. ती हयात असेल तर तिच्या हातात रंग आणि ब्रश द्या, आणि तिचं नाव तिलाच लिहू द्या.