बाहेर ओळख दाखवायची नाही

मला टीबी झाला होता.

हे वाचून नात्यातल्या काही जणांचा चहा कपातच निवेल. निवू दे.

काल सिस्टर रोझलिन गेल्या. त्यांच्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी ही पोस्ट लिहायला मी आहे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लग्न ठरलेलं. आणि खोकताना रुमालावर रक्त दिसलं.

आईने दोन गोष्टी ठरवल्या. लग्न लांबवायला मुलाकडच्यांना बी.एड.चं कारण सांगायचं. आणि औषध अशा ठिकाणी घ्यायचं, जिथे आपल्यातलं कुणी जात नाही.

ते ठिकाण म्हणजे रेल्वे लाइनीपलीकडच्या चर्चचा दवाखाना.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, कुणाला कळणार नाही ना?

सिस्टर केरळच्या. हिंदी-गुजरातीची खिचडी करून बोलायच्या. म्हणाल्या, "बेटा, बहार मैं तेरे को नहीं पहचानती. तू पहले बोलेगी, तो मैं बोलेगी."

हा नियम सगळ्या पेशंटना होता.

गोळ्या त्यांच्यासमोर गिळायच्या. मग "मोढुं खोल", की तोंड उघडायचं आणि जीभ वर करून दाखवायची. कॉन्व्हेंट शाळेतसुद्धा माझा एवढा संशय कुणी घेतला नव्हता.

एकदा मी चार दिवस दांडी मारली.

पाचव्या दिवशी सिस्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भर उन्हात, छत्री घेऊन उभ्या. घरी आल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसत्या उभ्या.

मी मुकाट्याने दवाखान्यात गेले.

दीड वर्षाने बरी झाले. लग्न झालं. सासरी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. ते गेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं.

एकदा मांडवीच्या बाजारात सासूबाईंबरोबर साड्या घेत होते. समोरून सिस्टर आल्या. त्यांची नजर माझ्यावरून अशी गेली, जशी दुकानाच्या काचेवरून जाते.

सासूबाई म्हणाल्या, "सरक गं जरा. या बायका कुठल्या कुठल्या रोग्यांना हात लावून येतात."

मी सरकले.

त्यानंतरही लहरीपुऱ्यात, स्टेशनवर, कितीदा दिसल्या. दरवेळी वाटायचं, आज हाक मारावी. आणि दरवेळी सोबत कुणीतरी असायचं.

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फॉरवर्ड येतो, की ही चर्चवाली मंडळी औषधाच्या नावाखाली धर्म बदलतात. दीड वर्षात सिस्टरांनी माझी एकच गोष्ट बदलली: उपाशीपोटी चहा ढोसायची सवय. जगात जिथे टीबीच्या, कुष्ठरोगाच्या माणसाला घरचेच लांब बसवतात, तिथे चर्चच्या अशाच एखाद्या खोलीत अशीच एखादी बाई बसलेली असते. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तिथे एक दिवस बसून दाखवावं.

आज सकाळी चर्चमध्ये गेले. पुढे नन्स. मागे, दाराजवळ, माझ्या वयाची, माझ्याहून मोठी बरीच माणसं. एक रिक्षावाले काका, एक रिफायनरीतून रिटायर झालेले वाटणारे, नऊवारीतल्या एक आजी.

कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

त्यावरूनच मी ओळखलं.

मी पुढे गेले. शवपेटीपाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, मी वसुधा. तुमची पेशंट."

आणि वेड्यासारखी थांबले.

मी आधी बोलले होते. नियमाप्रमाणे आता तुमची पाळी होती, सिस्टर.

या, सिस्टर. नमस्कार.