काउंट भरपूर आहे

दाढ काढल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त दोन दिवस थांबलं नाही. पवनीत तपासणी केली तर प्लेटलेट अडीच लाख. घरचे निर्धास्त झाले. डेंग्यूने आमच्या भागाला एवढंच शिकवलंय: काउंट किती, ते विचारायचं. ते शिकवणारी पत्रकं बाजारात मीच वाटली होती. "दीड लाखाच्या वर असतील तर भीती नाही," हे वाक्य माझं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटलाय, पन्नास माणसं धावत आलीत, पण कुणी कुणाचा हात धरत नाही. तशा हिच्या पेशी. मोजायला भरपूर, कामाला शून्य, आणि हे जन्मापासून. एक सदोष जनुक आईकडून आलं, एक बाबांकडून. एकेकटं असलं की ते कुणाला त्रास देत नाही. माझे आईबाबा मामेबहीण-आतेभाऊ.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "तुह्या माहेरचं रक्तच तसं."

आईचं माहेर म्हणजे बाबांचं आजोळ. 

महिन्याभरात भंडाऱ्याची आत्या आली, तिच्या मुलासाठी मला मागायला. मी म्हटलं, "आधी त्याची तपासणी करू. माझीही."

"माह्या पोराले का झालं? तुह्या बहिणीच्याच पेशी अडीच लाख हायेत. भेव नाही म्हणून तूच लिवलं ना पत्रकात?"

"ते डेंग्यूपुरतं होतं, आत्या. अर्धवट लिवलं मी."

"मंग आता बी अर्धवटच बोलून राहिली असशील."

बाबा हसले.

मी नकार दिला. आत्याने गावभर सांगितलं, पोरगी शिकून वाया गेली, वरून घरात रोग. जणू ती या घरात जन्मलीच नव्हती. दोन महिन्यांत तिने काकांची मुलगी मागितली आणि काकांनी दिली.

मी चुलत बहिणीकडे तपासणीची चिठ्ठी घेऊन गेले. ती साखरपुड्याची साडी घडी करत होती. म्हटलं, "माझ्या बाबांत आहे ते तुझ्या बाबांत असू शकतं, आत्यातही. एकदा दोघं नागपूरला जाऊन या."

"मले तं कधी नाकाचा घोळणाही नाही फुटला, ताई," म्हणत तिने चिठ्ठी परत दिली.

माझाही कधी फुटला नाही. आईबाबांचाही नाही.